कलम ८(१)(ञ) पूर्ववत करा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेत राज्याचे प्रतिनिधित्व करणारे १९ सन्माननीय सदस्य यांस

विषय : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ञ) मूळ स्वरूपात पुन्हा अमलात आणण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका पंचायत समितीतून सहायक प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झालेला एक मतदार आहे. कोणत्याही पक्षाचा सभासद नाही, कोणत्याही संघटनेत पद नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत कार्यालयातले माहिती अधिकाराचे टेबल माझ्याकडे होते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम मंजूर केला आणि त्याच्या कलम ४४(३) मधून माहिती अधिकार कायद्यातला एक खंड बदलून टाकला. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेने तो बदल प्रत्यक्ष लागू झाला. तो मागे घ्यावा यासाठी आपण सभागृहात पुढाकार घ्यावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मूळ खंड ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला संरक्षण देतच होता, पण अटींसह. मागितलेल्या माहितीचा कोणत्याही सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात नाहक ढवळाढवळ होणार असेल, तरच ती नाकारता येत असे. आणि तरीही व्यापक जनहितासाठी ती देणे योग्य आहे असे जन माहिती अधिकाऱ्याचे किंवा अपिलीय अधिकाऱ्याचे मत झाले, तर ती द्यावी लागे. म्हणजे नकार लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याला विचार करावा लागत होता आणि तो विचार कागदावर मांडावा लागत होता. आता त्या सगळ्या मजकुराच्या जागी ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले आहेत. माहिती अधिकार कायद्यात ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या नाही. नव्या डेटा कायद्यातली व्याख्या अशी की, ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखू येते ती सर्व माहिती वैयक्तिक. या मापाने पाहिले तर सरकारी कचेरीत वैयक्तिक नसलेला कागद शोधूनही सापडायचा नाही. टिपणीखाली सही असते, मोजमाप पुस्तिकेवर अभियंत्याचे नाव असते, देयकावर ठेकेदाराचे असते, मस्टरवर मजुरांची असतात.

आपण संसद सदस्य आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देतो. मूळ खंडाच्या शेवटी एक परंतुक होते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. स्वतंत्र भारताच्या कायद्यांत सामान्य माणसाला आपल्या प्रतिनिधीच्या बरोबरीने बसवणारी वाक्ये फार थोडी असतील. त्यांतले हे एक होते. अर्जदाराला हे वाक्य वाचून दाखवले की त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास दिसे, मग तो ते पुन्हा वाचायला सांगे. खंड बदलताना हे परंतुकही गेले. आता एखाद्या कर्मचाऱ्यावरील कारवाईची माहिती आपल्या तारांकित प्रश्नाला उत्तर म्हणून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल आणि तीच माहिती तालुक्यातल्या अर्जदाराला वैयक्तिक म्हणून नाकारली जाईल.

हे खालच्या पातळीवर कसे घडते ते माझ्या टेबलावरून गेलेल्या एका प्रकरणावरून सांगतो. ग्रामीण भागातील शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावे, असा शासनाचा दंडक आहे. तिथे राहत असल्याच्या आधारावर घरभाडे भत्ता मिळतो आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो. प्रत्यक्षात पुष्कळ कर्मचारी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहतात आणि रोज ये-जा करतात, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. त्यांच्याही अडचणी असतात. गावात भाड्याने खोली मिळत नाही, मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो, हे मी नाकारत नाही. पण रात्री उपकेंद्राला कुलूप असते तेव्हा बाळंतिणीला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावे लागते, हीही तितकीच खरी गोष्ट आहे.

एका गावच्या शेतकऱ्यांनी याच विषयावर अर्ज दिला. जोडपत्र ‘अ’, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत बसवलेला मजकूर. त्यांनी मागितले ते असे : गावातील अमुक कर्मचाऱ्यांनी घरभाडे भत्त्यासाठी जोडलेल्या ठरावांच्या प्रती आणि त्या काळातील भत्त्याची देयके. कायद्याप्रमाणे संबंधितांना त्रयस्थ पक्ष म्हणून नोटिसा गेल्या आणि त्यांनी अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली की ही आमची वैयक्तिक माहिती आहे. तत्कालीन जन माहिती अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. बँक खात्याचा क्रमांक, घरमालकाचे नाव, कुटुंबाचा तपशील एवढे झाकले. ठरावाची प्रत आणि भत्त्याची रक्कम दिली, कारण भत्ता सरकारी तिजोरीतून गेला होता आणि ठराव गावाच्या नावाने झाला होता. कलम १० नुसार देण्याजोगे आणि न देण्याजोगे वेगळे करणे म्हणतात ते हेच.

प्रती हातात पडल्यावर गावकऱ्यांनी ठरावाची तारीख पाहिली. त्या तारखेची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती आणि त्यांच्यापैकी दोघे त्या दिवशी चावडीवर हजर होते. प्रोसिडिंग बुकातही तशीच नोंद होती. जी सभा झालीच नाही तिच्यात एकमताने मंजूर झालेला ठराव भत्त्याच्या फाईलला लागलेला होता. पुढे चौकशी झाली, रक्कम वसूल झाली आणि उपकेंद्राशेजारच्या निवासस्थानाला कितीतरी वर्षांनी रंग लागला. आज तोच अर्ज आला तर कार्यालयाला काही वाचायची गरज नाही. ‘सदर माहिती ही वैयक्तिक माहितीशी संबंधित असल्याने अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे’ हे वाक्य टंकित करून जावक क्रमांक टाकला की प्रकरण निकाली.

माहिती अधिकाराचा गैरवापर होतो, हे मी आतून पाहिले आहे. छापील ओळखपत्र गळ्यात अडकवून कार्यालयात फिरणारे, दहा वर्षांच्या सर्व फायलींच्या प्रती मागणारे, अर्ज मागे घेण्यासाठी चहाच्या टपरीवर आकडा सांगणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. एका अर्जात एका महिला कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय रजेची कारणे आणि सोबतची सर्व प्रमाणपत्रे मागितली होती. मागणाऱ्याचा हेतू तिला त्रास देण्याचा होता, हे कोणालाही कळले असते. ती माहिती नाकारली गेली आणि कोणत्या कलमाखाली, तर याच जुन्या ८(१)(ञ) खाली. कारण रजेच्या वैद्यकीय कारणाचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नव्हता. म्हणजे जो खंड पुरेसे संरक्षण देत नाही म्हणून बदलला असे सांगितले जाते, तो आपले काम नीट करत होता.

उलट तो जरा जास्तच करत होता, असे म्हणायला जागा आहे. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका अधिकाऱ्याला मिळालेली ज्ञापने, शिक्षा, मालमत्तेचा तपशील ही सारी वैयक्तिक माहिती ठरवली होती आणि त्या निकालाचा हवाला देत देशभर हजारो अर्ज फेटाळले गेले. पण त्या निकालातही व्यापक जनहिताचे दार उघडे होते आणि अर्जदार त्या दारावर थाप मारू शकत होता. आता खंडातले ते दारच काढून टाकले आहे.

सरकारचे म्हणणे मी लक्षपूर्वक वाचले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, त्याच्याशी माहितीच्या अधिकाराचा मेळ घालण्यासाठी हा बदल आवश्यक होता, असा पहिला मुद्दा. परंतु त्याच निकालाने खासगीपणावर मर्यादा घालता येतात आणि त्या प्रमाणात असाव्यात, असेही सांगितले आहे. प्रमाण पाहायचे म्हणजे दोन पारड्यांत दोन गोष्टी घालाव्या लागतात, आणि जुना खंड अधिकाऱ्याला नेमके तेच करायला लावत होता. नवा खंड एक पारडे काढून घेतो आणि त्याला समतोल म्हणतो. दुसरा मुद्दा असा की, इतर कायद्यांनी जी माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे ती जाहीर होतच राहील. त्यावर माझे म्हणणे इतकेच की भ्रष्टाचार जाहीर करायच्या तक्त्यांत सापडत नाही, तो फायलीत सापडतो. योजनेच्या लाभार्थ्यांची यादी संकेतस्थळावर लावा असे कायदा सांगतो; पण त्या यादीतल्या माणसाला अपात्र असूनही पात्र ठरवणारी टिपणी कोणी लिहिली आणि कोणी मान्य केली, ते लावा असे कोणताही कायदा सांगत नाही.

तिसरा मुद्दा कलम ८(२) चा. जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते, असे ते कलम आजही सांगते, ही गोष्ट खरी. ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला यातले ‘देऊ शकते’ काय करते ते ठाऊक आहे. कनिष्ठ अधिकाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. एका वाटेने गेले तर नकाराला कायद्याचा स्पष्ट आधार आहे. दुसऱ्या वाटेने गेले तर जनहित मोठे कसे, हे स्वतःच्या सहीने सिद्ध करायचे, आणि वर नव्या डेटा कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची भाषा आहे. तो दंड त्या गरीब जन माहिती अधिकाऱ्याच्या डोक्यावर पडणार नाही, हे वकील सांगतील, पण कार्यशाळेत आकडा ऐकून आलेल्या माणसाच्या मनातून तो जात नाही. माहिती विनाकारण अडवली तर माहिती अधिकार कायद्यात दंड किती, तर रोजचे २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार. तोही क्वचित लागतो. अशा परिस्थितीत कोणता शहाणा कर्मचारी दुसरी वाट धरेल?

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला भाग पाडले तिच्याकडे येतो. डेटा कायदा हा नागरिकाच्या संरक्षणासाठी आहे, असे त्याचे नाव सांगते. अशा कायद्याची आपल्याला गरज आहे, यात शंका नाही. झेरॉक्सच्या दुकानात दिलेली आधारची प्रत कुठे जाते, कर्जाचे ॲप फोनमधले सगळे नंबर का मागते, दवाखान्यात नाव नोंदवल्यावर दुसऱ्या दिवशी विम्याचे फोन कसे येतात, असे प्रश्न आज खेड्यातला माणूसही विचारतो. ‘डिजिटल अटके’ची भीती घालून ज्यांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली त्यांना फोन करणाऱ्याकडे त्यांची इत्थंभूत माहिती आधीच असते. या लोकांना हा कायदा हवा आहे. पण अंमलबजावणीचा क्रम पाहा. आपली माहिती घेण्यापूर्वी स्पष्ट सूचना आणि संमती, ती दुरुस्त करण्याचा किंवा पुसून टाकण्याचा अधिकार, माहिती फुटली तर आपल्याला कळवण्याचे बंधन, या साऱ्या तरतुदी अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. कंपन्यांना तयारीला वेळ हवा, हे कारण समजण्यासारखे आहे. माहिती अधिकारावर घाव घालणारे कलम ४४(३) मात्र अधिसूचना निघताच लागू झाले. तिथे कोणाला तयारीला वेळ लागला नाही.

म्हणजे आज स्थिती अशी आहे की, माझा फोन नंबर विकणाऱ्याला या कायद्याची झळ लागलेली नाही आणि त्याच कायद्याच्या नावाने मला माझ्या गावच्या रस्त्याच्या देयकावरचे नाव नाकारले जाऊ शकते. खासगीपणाच्या रक्षणासाठी आणलेल्या कायद्याचा पहिला लाभार्थी सरकारी फाईल ठरली. पुढे मे २०२७ उजाडल्यावरही चित्र पूर्ण बदलणार नाही, कारण कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून वगळू शकते, आणि तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच्याच हाती आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम ४३अ खाली निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या माणसाला कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते कलमही रद्द व्हायचे आहे. दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत जाणार; ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काय, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

दुसरीकडे शासनाला आमच्याबद्दल काय काय माहीत आहे, याची गणती करून पाहावी. आधार, रेशनची ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, पीएम किसानचे खाते, अंगणवाडीत पोषण आहार घेताना मातेच्या चेहऱ्याची पडताळणी. लाभ आणि सवलती देण्यासाठी ही माहिती वापरताना शासनाला पुन्हा वेगळी संमती घेण्याची गरज नाही, अशी सोय डेटा कायद्यात आहे. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. सात-बारा घरबसल्या निघतो आणि निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो, याचा फायदा मी स्वतः घेतो. परंतु ज्या शासनाला माझ्या शेतात कोणते पीक उभे आहे ते फोटोसह दिसते, त्या शासनाच्या कचेरीत माझ्या अर्जावर काय लिहिले गेले ते मला दिसू नये, हा व्यवहार एकतर्फी झाला.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये योजना जाहीर झाली, दरमहा १५०० रुपये. जुलै २०२५ मध्ये शासनानेच सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे आढळल्याने त्यांचा लाभ तात्पुरता थांबवण्यात आला आहे आणि काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. सरकारी नोकरीतील महिलांनीही पैसे घेतल्याचे उघड झाले. यात चुकून नाव आलेली, किंवा पात्र असून नाव गेलेली गरीब बाई कोण आणि नियम ठाऊक असताना पैसे उचलणारी कर्मचारी कोण, हे गावाला कळायला हवे की नको? पहिलीला न्याय मिळण्यासाठी आणि दुसरीकडून वसुली होण्यासाठी नावे लागतात. एकूण आकडा मंत्री समाजमाध्यमावर सांगतील, पण आकड्यावरून वसुली होत नाही.

महाराष्ट्राच्या खासदारांनाच हे का लिहीत आहे, त्याला कारण आहे. गोव्याने १९९७ मध्ये आणि आपल्या राज्याने २००२ मध्ये, देशाचा कायदा येण्याच्या आधी, माहिती अधिकाराचे स्वतःचे कायदे केले. राज्याचा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे झाला आणि २००५ चा केंद्रीय कायदा घडताना त्याचा अनुभव कामी आला. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत कोणाकोणाच्या नातेवाइकांना सदनिका मिळाल्या, हे बाहेर आणण्यात माहिती अधिकाराचे अर्ज होते आणि २०१० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. सदस्यांची नावे ही वैयक्तिक माहितीच होती. त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची भर रस्त्यात हत्या झाली. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी नागरिकांना अर्जाविना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांना लागू केली. इतका इतिहास ज्या राज्याचा आहे, तिथल्या खासदारांकडून या प्रश्नावर जास्त अपेक्षा ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

पक्षांबद्दल मात्र माझा भ्रम नाही. हे विधेयक ७ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत आणि ९ ऑगस्टला राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. सत्ताधारी बाकांवरून या खंडाबद्दल चिंता व्यक्त झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही आणि विरोधक इतर प्रश्नांवरच्या निषेधात गुंतले होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये शंभराहून अधिक विरोधी खासदारांनी कलम ४४(३) रद्द करण्याचे निवेदन दिले, त्याचे स्वागत आहे. पण विधेयक सभागृहात असताना हा जोर दिसला असता तर कामकाजाच्या नोंदीत तरी राहिला असता. आजच्या विरोधकांनी सत्तेत असताना २००६ मध्ये फायलींवरील टिपण्या कायद्याबाहेर काढण्याचा घाट घातला होता. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तो निर्णय निष्फळ करण्यासाठी एकत्र आले आणि आजतागायत त्यांच्यापैकी एकानेही तो पाळलेला नाही. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. सत्तेत कोणीही असो, या कायद्याला धार लावायला कोणी आलेला नाही. जो आला तो कानसच घेऊन आला.

आणि आपण स्वतः? निवडणुकीचा अर्ज भरताना आपण आपली आणि पती-पत्नीची मालमत्ता, कर्जे, प्रलंबित फौजदारी प्रकरणे, शिक्षण, हे सारे शपथपत्रावर लिहून देता आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणीही वाचू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हक्क म्हणून हे बंधन घातले, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. त्यामुळे आपले खासगी आयुष्य उद्ध्वस्त झाल्याचे ऐकिवात नाही. मग जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्याने जनतेच्या कामात काय केले, एवढे सांगण्याने त्याचे काय बिघडणार आहे? मी स्वतः तो पगार घेतला आहे आणि आता निवृत्तिवेतन घेतो, म्हणून हे विचारतो.

जुना खंड शब्दशः परत आणणारे विधेयक अर्ध्या पानाचे होईल. सरकारने ते आणले तर उत्तमच. न आणल्यास आपल्यापैकी मंत्री नसलेला कोणीही सदस्य ते अशासकीय विधेयक म्हणून मांडू शकतो. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत हे मला माहीत आहे, पण चर्चेला आल्यास मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर नोंदले जाते. त्याबरोबर या अधिसूचनेनंतर केंद्रीय कार्यालयांनी ८(१)(ञ) खाली किती अर्ज फेटाळले आणि त्यांपैकी किती प्रकरणांत ८(२) चा विचार केल्याचे नकारपत्रात लिहिले होते, असा लेखी प्रश्न आपण विचारावा. उत्तर ‘माहिती संकलित केली जात आहे’ असे येण्याचीच शक्यता जास्त. तरीही पाठपुरावा व्हावा.

जे आपल्या पक्षाच्या राज्यातील नेतृत्वाशी बोलू शकतात त्यांनी आणखी एक काम करावे. राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व जन माहिती अधिकाऱ्यांना कळवावे की ८(१)(ञ) खाली नकार देताना ८(२) नुसार जनहिताचा विचार केला आणि त्याचा निष्कर्ष काय निघाला, हे नकारपत्रात कारणांसह लिहिणे आवश्यक राहील. याला संसदेची गरज नाही, सामान्य प्रशासन विभागाची सही पुरेल. राज्य माहिती आयोगाकडील प्रलंबित अपिले आणि तक्रारी २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेल्या होत्या. चुकीच्या नकाराविरुद्ध दुसऱ्या अपिलात जायचे म्हणजे सुनावणीच्या तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबायचे. तोवर रस्ता खचलेला असतो आणि अधिकाऱ्याची बदली झालेली असते. म्हणून पहिला नकारच नीट लिहिला जाणे महत्त्वाचे.

या पत्राची प्रत माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना दिल्लीच्या आणि गावाकडच्या अशा दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पाठवत आहे. ज्या सदस्यांना हा बदल योग्य वाटतो त्यांनीही आपली कारणे लेखी कळवावीत. मी ती संपूर्ण, काटछाट न करता, आमच्या वाचनालयाच्या फलकावर लावीन.

आपला विश्वासू,
एक मतदार आणि निवृत्त सहायक प्रशासन अधिकारी